शून्याचीही चौकशी व्हावी

हृदयावरच्या प्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर, टेक्निशियन आणि सिस्टर यांना क्ष-किरणांमुळे कर्करोग होतो का, असे विचारले की दोन तयार उत्तरे मिळतात. एक घाबरवणारे असते: मेंदूत गाठ होऊन गेलेल्या डॉक्टरांच्या गोष्टी सांगितल्या जातात. दुसरे निर्धास्त असते: डोस मोजणाऱ्या बॅजचे अहवाल दाखवले जातात, त्यांत शून्य किंवा शून्याच्या जवळपासचा आकडा असतो, आणि विषय तिथेच मिटतो. जगभरचा पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर मला यातले दुसरे उत्तर अधिक धोक्याचे वाटते. धोका फार मोठा आहे म्हणून नव्हे. तो बहुधा लहानच आहे. पण ज्या आकड्याच्या भरवशावर हे निर्धास्तपण उभे आहे, तो आकडाच या साऱ्या व्यवहारातला सर्वांत कच्चा दुवा आहे.

हा प्रश्न आता फक्त मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. कोल्हापूरची शाहूपुरीच घ्या: ही शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली पेठ. मिरजेहून येणारी रेल्वे त्याआधीच, १८९१ मध्ये, कोल्हापुरात पोचली होती आणि गुळाचा व्यापार तिच्या आधाराने वाढला. स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक हाकेच्या अंतरावर असलेल्या याच भागात आज सिंधुदुर्गातून, रत्नागिरीतून, बेळगाव सीमाभागातून माणसे उतरतात ती मोठ्या प्रमाणावर दवाखान्यांसाठी. राज्याची जीवनदायी योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्व जिल्ह्यांत पोचली आणि पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. ‘अँजिओ केली, स्प्रिंग बसवली’ हे वाक्य गावोगावच्या पारावर ऐकू येऊ लागले ते याच काळात. रुग्णांसाठी ही मोठी कमाई आहे, तिच्याविषयी दुमत नाही. मात्र ज्या कामाचा बोजा पूर्वी चार-दोन महानगरांतल्या मोजक्या लोकांवर होता, तो आता कोल्हापूरसारख्या शहरातल्या छोट्या चमूंवर आला आहे. तीच पाच-सहा माणसे दिवसभर शिशाचे ॲप्रन घालून त्याच टेबलाशी उभी असतात.

टेबलाशी काय घडते हे नीट पाहिल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे या प्रक्रियांच्या खोलीत, क्ष-किरणांची नळी सहसा टेबलाखाली असते आणि चित्र टिपणारा पडदा रुग्णाच्या छातीवर. नळीतून निघणारा झोत कर्मचाऱ्यांवर येत नाही. तो रुग्णाच्या शरीरावर आदळतो आणि पिचकारीचे पाणी भिंतीवर आपटून तुषार उडावेत तसा चहूकडे विखुरतो. कर्मचाऱ्यांना मिळतो तो हा विखुरलेला भाग, म्हणजे त्यांच्या बाबतीत किरणांचा उगम रुग्णच असतो. डॉक्टर रुग्णाच्या उजव्या हाताला, मॉनिटरकडे तोंड करून उभा राहतो, त्यामुळे त्याच्या शरीराची डावी बाजू उगमाच्या जवळ येते. अर्धा मिलीमीटर शिशाइतकी ताकद असलेला ॲप्रन विखुरलेल्या किरणांचा बहुतांश भाग अडवतो, गळ्याची कॉलर थायरॉईड झाकते. उघडे राहतात डोके, डोळे आणि हात. रुग्ण स्थूल असेल, कोन तिरपा असेल, बंद धमनी उघडायला दीड तास लागला असेल, सिने (हृदयाचे चित्रीकरण) वारंवार घेतली असेल, तर डोस वाढत जातो. अंतर दुप्पट केले तर तो साधारण चौथाईवर येतो. म्हणूनच सिने चालू असताना दोन पावले मागे सरकणारा टेक्निशियन आणि रुग्णाचा हात धरून उभी असलेली सिस्टर यांचा दिवस एकाच खोलीत जातो, तरी डोस वेगवेगळा असतो.

आता कर्करोगाचा हिशेब. भरपूर काम करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाच्या नोंदींत ॲप्रन घालूनही वर्षाला २ ते ४ मिलीसिव्हर्ट (डोसचे एकक) हा आकडा असामान्य नाही. तो ३ धरला आणि पंचवीस वर्षांची कारकीर्द धरली, तर बेरीज ७५ मिलीसिव्हर्ट होते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने प्रौढ कामगारांसाठी दर सिव्हर्टमागे कर्करोगाचा वाढीव धोका ४.१ टक्के धरला आहे. म्हणजे अशा हजार जणांत आयुष्यभरात सुमारे तीन जादा कर्करोग. भारतात साधारण नऊ जणांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो, असा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज आहे. म्हणजे त्याच हजारांत एकशे दहाच्या आसपास कर्करोग असेही होणारच होते, आणि निव्वळ योगायोगाने हा आकडा दहा-एकाने वर-खाली होऊ शकतो. त्या चढउतारात तीन कुठे शोधायचे? ‘इतकी वर्षे काम करतोय, आमच्याकडे कुणाला काही झालेले नाही’ हे अनुभवी माणसाचे वाक्य खरे असले तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही, त्याचे कारण हे गणित आहे. एका शहरातल्या सगळ्या कॅथ लॅब मिळूनही या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणार नाहीत. याच गणिताची दुसरी बाजूही आहे: एखाद्या ओळखीच्या डॉक्टरला गाठ झाली, यावरूनही काही सिद्ध होत नाही.

मेंदूतल्या गाठींची चर्चा सुरू झाली ती इस्रायलचे हृदयरोगतज्ज्ञ एरियल रोगिन यांच्यामुळे. त्यांनी २०१३ मध्ये अशा प्रक्रिया करणाऱ्या ३१ डॉक्टरांच्या मेंदू आणि मानेतल्या गाठींची माहिती प्रसिद्ध केली. गाठ कोणत्या बाजूला हे २६ जणांबाबत कळले होते, आणि त्यातल्या २२ जणांची डावीकडे होती. डावी बाजू उगमाच्या जवळ असते हे माहीत असलेल्या माणसाच्या अंगावर काटा यावा असाच हा आकडा आहे. परंतु ही प्रकरणे जगभरातून, एकाने दुसऱ्याला सांगत, गोळा झालेली होती. एकूण किती डॉक्टरांतून ही ३१ निघाली, हे त्यात नाही. डावीकडच्या गाठीची बातमी उजवीकडच्या गाठीपेक्षा लवकर पसरण्याची शक्यताही नाकारता येत नाही. संशय घेण्यापुरता हा पुरावा भक्कम आहे, निर्णय देण्यापुरता नाही.

त्यापुढचे अभ्यास मोठे आहेत आणि एकमेकांशी भांडतात. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजी टेक्निशियनांच्या मोठ्या गटात, अशा प्रक्रियांत साहाय्य केलेल्यांमध्ये मेंदूच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट आढळले. हा निष्कर्ष २०१६ मधला. पुढच्याच वर्षी त्याच गटात प्रत्येकाच्या मेंदूला मिळालेल्या डोसचा अंदाज लावून पाहिले, तेव्हा डोस वाढत गेला तसे मृत्यू वाढताना दिसले नाहीत. कारण आणि परिणाम यांचे नाते खरे असेल तर ही पायरी दिसायला हवी होती. डॉक्टरांबाबतचा २०१७ चा अभ्यास तर आणखी दिलासा देणारा होता. त्यात अशा प्रक्रिया करण्याची शक्यता असलेल्या ४५,६३४ अमेरिकी डॉक्टरांची तुलना ६४,४०१ मनोविकारतज्ज्ञांशी केली होती. मनोविकारतज्ज्ञ निवडण्यात शहाणपण होते: शिक्षण तेच, मिळकत साधारण तशीच, फक्त क्ष-किरणांशी संबंध नाही. प्रक्रिया करणाऱ्यांचा एकूण मृत्यूदर कमीच निघाला. रक्ताच्या कर्करोगाचे वाढलेले प्रमाण दिसले ते १९४० पूर्वी पदवी घेतलेल्यांत, म्हणजे ज्या पिढीला संरक्षण म्हणजे काय हे धड ठाऊक नव्हते त्यांच्यात. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली क्ष-किरण आणि रेडियमच्या कामात प्राण गेलेल्यांचे स्मारक उभारले, त्यावर तेव्हाच १६९ नावे होती. त्या काळाशी आजची तुलना करणे अन्यायाचेच होईल.

मग विषय संपला का? मला तसे वाटत नाही. हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी झुरिकमध्ये १९७७ मध्ये झाली, आणि दिवसाला आठ-दहा प्रक्रिया हा व्यवहार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. गाठ दिसायला दहा-वीस वर्षे लागतात आणि डॉक्टरांच्या त्या अभ्यासातली मृत्यूंची मोजणी २००८ ला थांबते. शिवाय त्यात कोणाचाही डोस मोजलेला नव्हता. ‘प्रक्रिया करण्याची शक्यता असलेले’ या यादीत रोज टेबलाशी उभा राहणारा आणि महिन्यातून एकदा डोकावणारा एकाच रांगेत येतात, आणि असे मिश्रण झाले की खरा परिणाम असला तरी पातळ होतो. सर्वांत मोठा फरक माणसांचा आहे. अमेरिकी डॉक्टर हा निरोगी, सधन, वेळेवर तपासणी करून घेणारा वर्ग आहे. कोल्हापुरातल्या कंत्राटी टेक्निशियनविषयी त्याच्या दीर्घायुष्यावरून अनुमान काढणे धाडसाचे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो बिनबुडाचा नाही. केरळच्या करुणागापल्लीतल्या वाळूत थोरियम आहे, तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सर्गात राहतात, आणि सुमारे सत्तर हजार रहिवाशांवर दहा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवूनही २००९ च्या अहवालात कर्करोग वाढलेला आढळला नाही. मग थोडक्या डोसाची एवढी भीती कशाला? याला तितक्याच वजनाचे उत्तर २०२३ मध्ये आले. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ३,०९,९३२ अणुउद्योग कामगारांच्या अभ्यासात घन (रक्ताचे सोडून इतर) कर्करोगांनी होणारे मृत्यू प्रत्येक ग्रेमागे (ग्रे हे शोषलेल्या डोसचे एकक) ५२ टक्क्यांनी वाढलेले दिसले, तेही कामगारांचा सरासरी डोस एका ग्रेच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असताना. तिथे प्रत्येकाचा डोस वर्षानुवर्षे बॅजने मोजलेला होता, म्हणून मी या अभ्यासाला जास्त वजन देतो. पण दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले तरी एक गोष्ट ठरते. वादाचा निकाल लावण्याची ताकद त्याच अभ्यासात असते ज्यात डोस प्रामाणिकपणे मोजलेला असतो.

आणि इथेच आपली गाडी अडते. भारतात ही मोजणी टीएलडी बॅजने होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि तापवल्या की प्रकाशरूपाने सोडतात. दर तीन महिन्यांनी बॅज मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातात आणि अहवाल येतो. तंत्र उत्तम आहे, पण बॅज छातीवर असेल तरच. तो लॉकरमध्ये राहिला, घरी विसरला, कपाटातल्या कोटाला टाचलेला राहिला, तर अहवालात शून्य येते. आणि हे शून्य प्रामाणिक शून्यासारखेच दिसते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अनेक देशांतल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारले होते, तेव्हा बॅज नेहमी वापरतो असे म्हणणारे सुमारे तीन-चतुर्थांश निघाले. हे त्यांनी स्वतः सांगितलेले प्रमाण, म्हणजे खरे त्याहून कमीच असणार. माणसे बॅज का लावत नाहीत, याची कारणेही समजण्यासारखी आहेत. आकडा जास्त आला तर चौकशी होईल, काम थांबवतील, प्रक्रियांची संख्या कमी होईल, कंत्राट जाईल. तरुण डॉक्टरला शिकायचे असते, टेक्निशियनला टिकायचे असते.

नियामक यंत्रणेची रचना या प्रवृत्तीला खतपाणी घालते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या व्यवस्थेत एका तिमाहीत १० मिलीसिव्हर्टच्या वर गेलेल्या नोंदीची चौकशी होते. वर्षाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे. ती आंतरराष्ट्रीय मर्यादेपेक्षा कडक आहे आणि त्याचे श्रेय मंडळाला द्यायलाच हवे. मात्र साऱ्या व्यवस्थेचे डोळे वरच्या टोकावर लागलेले आहेत. तीन महिन्यांत दोनशे अँजिओप्लास्टी केलेल्या माणसाचा बॅज शून्य दाखवतो, हे वर गेलेल्या आकड्याइतकेच संशयास्पद आहे, खरे तर जास्तच. वर गेलेला आकडा कधीकधी ॲप्रनला लावून लॅबमध्येच राहिलेल्या बॅजचा असतो, आणि चौकशीत ते उघड होते. खाली गेलेल्या आकड्याला कुणी काही विचारत नाही. दुसरी गोष्ट, आपल्याकडे बॅज ॲप्रनच्या आत, छातीवर लावायचा असतो. धडाचा डोस त्यातून कळतो, डोक्याचा आणि डोळ्यांचा कळत नाही. या प्रक्रियांसाठी आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१८ च्या मार्गदर्शनात दोन बॅजची शिफारस केली आहे: एक ॲप्रनच्या आत, एक बाहेर कॉलरशी. मेंदूच्या गाठींवर तावातावाने बोलणाऱ्या कितीजणांच्या कॉलरला हा दुसरा बॅज आहे, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

डोळ्यांबाबत तर वाद उरलेलाच नाही. मलेशियात २०१० मध्ये तपासलेल्या ५६ हृदयरोगतज्ज्ञांपैकी २९ जणांच्या भिंगाच्या मागच्या बाजूला बदल आढळले. नर्सेसमध्येही प्रमाण अर्ध्याच्या जवळ होते, आणि तुलनेसाठी घेतलेल्या २२ जणांत असे फक्त दोघे होते. आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगाची वार्षिक मर्यादा १५० वरून २० मिलीसिव्हर्टवर आणली. इटलीतल्या कॅथ लॅब कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात मोतीबिंदूबरोबर पाठ, मान आणि गुडघ्यांची दुखणीही ठळकपणे पुढे आली. पाच-सहा किलोचा ॲप्रन रोज सहा-सात तास वागवण्याचा तो परिणाम. कर्करोगाच्या भीतीमुळे ही साधी, खात्रीची दुखणी मागे पडतात, हे मला खटकते. ज्याच्या भिंगाला ढग आला आहे त्याच्या डोक्याला किरण पोचत होते, याचा तो चालता-बोलता पुरावा आहे. बाजारात आलेल्या शिशाच्या टोप्यांनी मात्र फार हुरळून जाऊ नये. विखुरलेले किरण खालून वर येतात, चेहऱ्यातून आणि हनुवटीखालून मेंदूकडे जातात. मेंदूच्या मध्यभागाचा डोस टोपीने जेमतेम ३ टक्क्यांनी घटतो असे २०१७ च्या एका प्रयोगात दिसले. छताला टांगलेली शिशाची काच नीट ओढून घेतली तर यापेक्षा कितीतरी जास्त काम होते, आणि ती यंत्राबरोबर आलेली असते. ती बाजूला सारलेली असते, एवढाच प्रश्न आहे.

‘हे सगळे बोलून तुम्ही रुग्णांचे नुकसान करता’ हा आक्षेप उरतो. झटका आलेल्या माणसाची धमनी उघडताना डॉक्टरने स्वतःच्या डोसचा हिशेब करत बसावे का? करू नयेच. पण इथे हितसंबंधांचा झगडा दिसतो तेवढा खरा नाही. कर्मचाऱ्यांवर येणारे किरण रुग्णाच्या अंगातून विखुरलेले असतात, त्यामुळे सेकंदाला ३० ऐवजी १५ किंवा ७.५ चित्रे घेणे, झोत हवा तेवढाच उघडणे, पेडलवरचा पाय वेळेवर उचलणे, यांतल्या प्रत्येक गोष्टीने आधी रुग्णाच्या त्वचेचा डोस कमी होतो आणि मग टेबलाशी उभ्या असलेल्यांचा. झगडा खरा आहे अशी जागा एकच दिसते: मनगटातून केलेली प्रक्रिया रुग्णाला जांघेतून केलेल्या प्रक्रियेपेक्षा सुरक्षित असते, पण डॉक्टरच्या छातीवरचा डोस त्यात वाढतो. एका मोठ्या युरोपीय चाचणीत तो जवळजवळ दुप्पट आढळला. तिथे मनगट सोडा असे मी म्हणणार नाही. काच आणि अंतर यांची शिस्त दुप्पट करा, एवढेच म्हणता येईल. अहमदाबादच्या डॉ. तेजस पटेल यांनी डिसेंबर २०१८ मध्ये सुमारे ३२ किलोमीटरवरून, गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरातून, यंत्रमानवाच्या मदतीने अँजिओप्लास्टी केली तेव्हा किरणांचा प्रश्न सुटला असे वाटले होते. २०२३ मध्ये त्या यंत्राच्या कंपनीने हृदयाच्या प्रक्रियांसाठीचे ते उत्पादन बंद केले. शिवाय डॉक्टर दूर बसला तरी सिस्टर आणि टेक्निशियन टेबलाशी होतेच.

नुकसानभरपाईच्या वाटेवरही हाच खड्डा लागतो. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या तिसऱ्या परिशिष्टात किरणोत्सर्गाने होणारे रोग व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेले होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवले आहेत. पण परिशिष्टाचे शब्द ‘किरणोत्सर्गाने झालेले रोग’ असे आहेत. आपला रोग किरणोत्सर्गानेच झाला हे सांगायला कर्मचाऱ्याकडे असते काय? बॅजचे अहवाल. ते शून्य दाखवत असतील तर वीस वर्षांपूर्वी कपाटात राहिलेला बॅज त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. बॅज लावणे ही कर्मचाऱ्याचीही कायदेशीर जबाबदारी आहे हे खरे, पण ती पार पाडण्याचे वातावरण मालकाने द्यायचे असते, आणि वरिष्ठ डॉक्टरच बॅज लावत नसतील तर वॉर्डबॉयला कोण विचारणार?

कागदावर यंत्रणा पूर्वीपेक्षा सुधारली आहे. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये दाखवले होते की देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी फक्त ५,२७० नोंदलेली होती. त्यानंतर मंडळाने ऑनलाइन परवाने आणले. कॅथ लॅबला परवाना आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी सक्तीचा आहे, आणि कर्मचाऱ्यांच्या आयुष्यभराच्या डोसची राष्ट्रीय नोंदवहीही भाभा केंद्रात आहे. दक्षिण कोरियाने १९९६ पासून अशीच नोंदवही ठेवली आणि ती कर्करोग नोंदणीशी जोडली, म्हणून तिथल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांबद्दल आज काही ठामपणे बोलता येते. आपल्याकडे मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून आणि बार्शीची १९८७ पासून चालू आहे. दोन वह्या एकमेकींना जोडण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही. पण खोट्या शून्यांनी भरलेली वही जोडली तर निष्कर्षही खोटाच निघेल, आणि तो दिलासा देणारा असेल म्हणून कुणी तक्रारही करणार नाही. म्हणून सुरुवात तिमाही अहवालापासून व्हायला हवी. यंत्रात प्रत्येक प्रक्रियेचा फ्लुरोचा (झोत चालू असल्याचा) वेळ आणि रुग्णाचा डोस आपोआप नोंदला जातोच. तो माणसागणिक बेरजेने बॅजच्या आकड्याशेजारी छापावा, आणि दोन्हींचा मेळ बसत नसेल तिथे सुरक्षा अधिकाऱ्याने आधी बॅज कुठे होता हे विचारावे. या विचारणेचा कंत्राटाशी किंवा कामाच्या वाटपाशी संबंध राहणार नाही, असे रुग्णालयाने लेखी द्यावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, आणि दुसऱ्या बॅजचा खर्च एका स्टेंटच्या किमतीपुढे नगण्य आहे.